पेटले की पेटवले?

शाळेत इतिहासाच्या पेपरात हमखास येणारा एक प्रश्न होता : पहिल्या महायुद्धाची कारणे लिहा. उत्तरही सगळ्यांचे पाठ असायचे. साम्राज्यवाद, उग्र राष्ट्रवाद, शस्त्रास्त्रस्पर्धा, गुप्त करार आणि सगळ्यात शेवटी 'तात्कालिक कारण', म्हणजे सारायेव्हो शहरात झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. त्याला जोडून एक वाक्य ठरलेले. युरोप हे दारूगोळ्याचे कोठार बनले होते, त्यावर ठिणगी पडली आणि युद्धाचा भडका उडाला. हे वाक्य लिहून मीही गुण मिळवले आहेत.

आता ते वाक्य वाचले की त्यातली क्रियापदे खटकतात. कोठार बनले, ठिणगी पडली, भडका उडाला. कुणी काही केलेच नाही, सगळे आपोआप झाले. मराठीत पेटणे वेगळे आणि पेटवणे वेगळे. गावात कडब्याची गंजी जळाली की पंचनामा होण्याआधी लोक विचारतात, पेटली की कुणी पेटवली? दीड कोटीहून अधिक माणसे खाणाऱ्या युद्धाबद्दल मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. पाच कारणे, पाच गुण, पुढचा प्रश्न.

या पाठ केलेल्या उत्तरातले सगळ्यात लाडके कारण म्हणजे करार. युरोपात दोन गट होते, एकाला हात लावला की दुसरा धावून येणार अशी कलमे होती, आणि म्हणून ऑस्ट्रिया-सर्बियाचे भांडण आठवडाभरात सगळ्या खंडाचे झाले, असे आपण शिकतो. हे मला पटत नाही. ज्यांना युद्धात जायचे नव्हते त्यांना एकाही कराराने ओढून नेले नाही. ज्यांना जायचे होते त्यांना करार सोयीचा पडला, एवढेच.

इटलीचेच बघा. १८८२ पासून जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि इटली यांचा त्रिराष्ट्र करार होता आणि तो वेळोवेळी नव्याने केला जात होता. ऑगस्ट १९१४ मध्ये इटलीने शांतपणे सांगितले, की करार बचावाचा आहे, चढाई ऑस्ट्रियाने केली, शिवाय आम्हाला विचारलेही नाही, तेव्हा आम्ही तटस्थ. त्यानंतर नऊ महिने दोन्ही बाजूंशी घासाघीस केली, एप्रिल १९१५ मध्ये लंडनला गुप्त करार करून घेतला आणि मे महिन्यात जुन्या मित्रावरच, ऑस्ट्रियावर, युद्ध पुकारले. रुमानियाची गोष्ट आणखी मजेची आहे. तिथला राजा कॅरोल पहिला हा जर्मन होहेनझोलर्न घराण्यातला. १८८३ पासून ऑस्ट्रियाशी त्याचा गुप्त करार. युद्ध सुरू झाल्यावर त्याने मंत्र्यांना आणि पुढाऱ्यांना बोलावून शब्द पाळायची गळ घातली. त्यांनी चक्क नकार दिला. दोन वर्षांनी तोही देश उलट बाजूने उतरला.

ब्रिटनचे तर युरोपातल्या कुठल्याही बड्या सत्तेला युद्धाचे वचनच नव्हते. १९०४ चा फ्रान्सबरोबरचा स्नेहकरार इजिप्त आणि मोरोक्कोच्या वाटणीचा होता. १९०७ चा रशियाबरोबरचा करार इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट यांच्याबद्दल होता, म्हणजे हिंदुस्थानच्या सरहद्दीबद्दल. आपल्या उंबरठ्यावरून रशियाला दूर ठेवण्यासाठी केलेला कागद. त्यात युरोपातल्या लढाईचे अक्षर नाही. तुर्कस्तानने जर्मनीशी गुप्त करार केला तो २ ऑगस्टला, जर्मनीने रशियावर युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्या दिवशी, आणि त्यानंतरही ऑक्टोबर संपत येईपर्यंत प्रत्यक्ष लढाईत उडी घेतली नाही. जपानने ब्रिटनशी असलेल्या १९०२ च्या मैत्रीचे नाव पुढे केले आणि चीनच्या किनाऱ्यावरचे जर्मनांचे चिंगताव घेऊन टाकले.

आता सगळ्यात घट्ट मानली गेलेली गाठ घेऊ, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांची. १८७९ चा तो करार रशियाने हल्ला केला तर एकमेकांच्या मदतीला जाण्याचा होता. ऑस्ट्रियाने आपण होऊन सर्बियावर चाल केली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते. म्हणूनच जुलैच्या पहिल्या आठवड्यात व्हिएन्नाहून परराष्ट्र खात्यातले काउंट होयोस बर्लिनला गेले; ५ तारखेला ऑस्ट्रियाच्या राजदूताने पॉट्सडॅमला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मची गाठ घेतली. काय वाटेल ते करा, आम्ही पाठीशी आहोत, असा शब्द मिळाला. चॅन्सेलर बेथमान होलवेग यांनी दुसऱ्या दिवशी त्यावर शिक्कामोर्तब केले. इतिहासात याला 'कोरा चेक' म्हणतात. करारच पुरेसा असता तर हा चेक मागायला बर्लिनला कशाला जावे लागले असते?

म्हणजे खून झाल्यावर आठव्या दिवशी दोन राजधान्यांतल्या मूठभर माणसांनी एक निर्णय घेतला. तो सरळ दुसऱ्या दिशेनेही घेता आला असता. त्याआधीच्या दोन वर्षांत तसा तो घेतलाही होता. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांच्या वेळी हेच गट होते, हाच राष्ट्रवाद होता, शस्त्रास्त्रेही जवळपास तीच. ऑस्ट्रिया आणि रशिया तेव्हाही एकमेकांसमोर गुरगुरत होते. पण जर्मनीने ऑस्ट्रियाला आवरले, इटलीने नकार कळवला, लंडनमध्ये परराष्ट्रमंत्री एडवर्ड ग्रे यांच्या अध्यक्षतेखाली राजदूतांची परिषद बसली आणि भांडण मिटले नाही तरी युद्ध टळले. १९०५ आणि १९११ मध्ये मोरोक्कोवरून, १९०८ मध्ये बोस्नियावरून हेच झाले होते. कोठार तेच, ठिणग्याही कमी नव्हत्या. मग त्या ठिणग्यांचे काय झाले, हे आपल्या उत्तरपत्रिकेत कुठेच नसते.

जुलै १९१४ निराळा ठरला त्याचे एक कारण असे, की आवरणाराच मारला गेला होता. ऑस्ट्रियाचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड हा काही फार प्रेमळ गृहस्थ नव्हता. शिकारीचे वेड, तापट स्वभाव, हंगेरियनांचा मनस्वी तिटकारा. पण सर्बियाशी युद्ध म्हणजे रशियाशी युद्ध आणि रशियाशी युद्ध म्हणजे दोन्ही सिंहासनांचा शेवट, हे त्याला स्वच्छ कळत होते. सेनाप्रमुख कॉनराड फॉन हॉत्झेनडोर्फ यांनी एकट्या १९१३ मध्ये वीसहून जास्त वेळा सर्बियावर चढाईचा आग्रह धरला होता आणि आर्चड्यूकने तो हाणून पाडला होता. (हे कॉनराड एका विवाहित बाईंच्या प्रेमात होते आणि विजयी सेनापती म्हणून परतलो तर लग्नातले अडथळे दूर होतील अशी आशा बाळगून होते. तिला लिहिलेल्या, पण न पाठवलेल्या पत्रांचा ढीग मागे उरला आहे. 'साम्राज्यवाद' या शब्दात हे कुठे बसवायचे?) २८ जूनला सकाळी पहिला बाँब फुकट गेला, मग ड्रायव्हरने चुकीच्या रस्त्याला गाडी वळवली आणि ती मागे घेण्यासाठी थांबली तेव्हा समोर एकोणीस वर्षांचा मारेकरी गाव्रिलो प्रिन्सिप उभा होता. युद्ध नको म्हणणारा गेला आणि त्याच्या खुनाचा सूड म्हणून युद्ध मागितले गेले.

सर्बियाही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पिस्तुले आणि बाँब सर्बियन लष्करातल्या माणसांकडून आले होते. गुप्तहेर खात्याचा प्रमुख 'आपिस' उर्फ द्रागुतिन दिमित्रियेविच हाच कटाच्या मुळाशी होता. पंतप्रधान निकोला पाशिच यांना हत्यारबंद पोरे सरहद्द ओलांडून गेल्याची कुणकुण होती असे मानायला जागा आहे. व्हिएन्नाचा राग खोटा नव्हता. पण राग आला तर माणूस लगेच उठतो. इथे खुनापासून सर्बियाला दिलेल्या निर्वाणीच्या खलित्यापर्यंत पंचवीस दिवस गेले. का? हंगेरीचे पंतप्रधान इश्तवान तिसा आधी विरोधात होते, १४ जुलैपर्यंत त्यांचे मन वळवावे लागले. सैनिक सुगीच्या रजेवर गावी गेले होते, ते २५ तारखेपर्यंत परतायचे होते. आणि फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष प्वाँकारे २० ते २३ जुलै रशियाच्या भेटीवर होते; ते झारच्या शेजारी बसलेले असताना खलिता पोचू नये, म्हणून २३ तारखेची संध्याकाळ निवडली, त्यांचे जहाज किनारा सोडण्याच्या बेतात असताना. याला भडका म्हणायचे? हा तर मुहूर्त काढून ठेवलेला कार्यक्रम होता.

खलित्याला उत्तर द्यायची मुदत ४८ तास. सर्बियाने जवळजवळ सगळ्या अटी या ना त्या शब्दांत मान्य केल्या. ऑस्ट्रियाच्या अधिकाऱ्यांनी सर्बियाच्या भूमीवर चौकशीत भाग घ्यावा, ही अट तेवढी नाकारली. ऑस्ट्रियाचे राजदूत गीझल यांनी उत्तरावर नजर टाकली आणि अर्ध्या तासात आगगाडी पकडून बेलग्रेड सोडले. सामान आधीच बांधून ठेवले होते. कैसर नॉर्वेच्या किनाऱ्यावरची सहल आटोपून परतल्यावर त्याने २८ जुलैच्या सकाळी ते उत्तर वाचले आणि शेरा मारला, की आता युद्धाचे कारणच उरले नाही. फार तर ऑस्ट्रियाने बेलग्रेड तारण म्हणून ताब्यात ठेवावे. ज्याने कोरा चेक लिहिला तोच आता तो परत मागत होता. बेथमान होलवेग यांनी ही सूचना व्हिएन्नाला कळवली ती उशिरा आणि पातळ करून. तोवर त्याच दिवशी ऑस्ट्रियाने तारेने युद्ध पुकारले होते. पॅरिसमध्ये त्या दिवशी लोक वेगळ्याच निकालाची वाट बघत होते : माजी पंतप्रधान कायो यांच्या पत्नीने एका संपादकाला कचेरीत जाऊन गोळ्या घातल्या होत्या, त्या खटल्यातून ती सुटली.

पुढचे चार दिवस मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यांत दोन सम्राट थांबू पाहत होते. विल्हेल्म आणि झार निकोलस 'विली' आणि 'निकी' अशा सह्या करून एकमेकांना इंग्रजीत तारा पाठवत होते. इंग्रजी पुस्तके या सगळ्यांना एकजात 'कझिन' म्हणून मोकळी होतात. आपल्या भाषेत चित्र नेमके दिसते. ब्रिटनचा राजा जॉर्ज आणि झार हे सख्खे मावसभाऊ. विल्हेल्म हा जॉर्जचा आतेभाऊ. आणि झारची राणी ही विल्हेल्मची मावसबहीण. ही तर भाऊबंदकीच, फक्त वाटणीत खंड होते. २९ जुलैच्या रात्री विल्हेल्मची तार आल्यावर निकोलसने संपूर्ण सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम मागे घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह यांनी तासभर त्याच्यासमोर बसून तो पुन्हा द्यायला लावला. सेनापतींचे म्हणणे, अर्धवट जमवाजमव करता येत नाही, वेळापत्रक कोलमडते.

वेळापत्रक हा शब्द १ ऑगस्टला बर्लिनमध्ये पुन्हा आला. लंडनहून राजदूत लिख्नोव्स्की यांची तार आली, की जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन आणि फ्रान्स कदाचित बाजूला राहतील. कैसर खूश झाला. सेनाप्रमुख मोल्ट्के यांना म्हणाला, मग सगळे सैन्य पूर्वेकडेच न्या. मोल्ट्के कोसळलेच. अकरा हजार आगगाड्यांची आखणी, वर्षभराचे काम, ते एका रात्रीत बदलता येत नाही, असे त्यांनी सांगितले. कैसर बोलला, तुमच्या काकांनी मला वेगळे उत्तर दिले असते. काका म्हणजे १८७० मध्ये फ्रान्सला नमवणारे थोरले मोल्ट्के. काका-पुतण्यांची तुलना तिकडेही अशीच बोचत असणार, मोल्ट्के यांनी ती आठवणींत नोंदवून ठेवली आहे. लंडनची ती तार गैरसमजातून आलेली निघाली, हे खरे. पण जर्मन लष्कराच्या रेल्वे विभागातल्या एका सेनापतीने युद्धानंतर दाखवले, की गाड्या वळवता आल्या असत्या. मुख्य म्हणजे, फ्रान्सला सहा आठवड्यांत संपवायचे आणि त्यासाठी तटस्थ बेल्जियम तुडवायचा, ही योजना आकाशातून पडली नव्हती. आधीचे सेनाप्रमुख श्लीफेन यांनी ती आखली, मोल्ट्के यांनी तिच्यात फेरफार केले, आणि पूर्वेकडच्या युद्धासाठीची वेगळी योजना १९१३ मध्ये बासनात गुंडाळून ठेवली. पर्याय नव्हता हे खरे, पण तो आपल्या हातांनी काढून टाकला होता म्हणून नव्हता.

कुणी म्हणेल, ही माणसे आकाशातून पडली नव्हती. त्यांना घडवणारी व्यवस्था होती, आणि फ्रान्स-रशिया करार नसता तर दोन आघाड्यांवरची ती योजनाही नसती. मान्य. फ्रान्स आणि रशियाची गाठ खरोखर पक्की होती, हेही मान्य. पण व्यवस्था एवढेच ठरवते की दारे किती आणि कुठे आहेत. दारातून कोण गेले, हे नाव घेऊन सांगायला हवे. मला विचाराल तर दोषाचा मोठा वाटा व्हिएन्ना आणि बर्लिनचा, त्यानंतर पीटर्सबर्गचा. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातल्या २३१ व्या कलमाने सगळे खापर जर्मनी आणि तिच्या साथीदारांवर फोडले, तो जेत्यांचा सूड होता. पण त्याची प्रतिक्रिया म्हणून 'कुणाचाच दोष नव्हता' हे जे पसरले तेही तितकेच सोयीचे. लॉइड जॉर्ज यांनी आठवणींत लिहिले, की राष्ट्रे घसरत घसरत युद्धाच्या कढईत पडली. हे गृहस्थ ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळात बसलेले होते! घसरणाऱ्याने 'मी घसरलो' म्हणणे समजू शकते. आपण ते पाठ्यपुस्तकात का छापावे? पुढे १९६१ मध्ये फ्रिट्झ फिशर या जर्मन इतिहासकाराने आपल्याच देशाचे कागद उलगडून हा समज मोडला, तेव्हा त्याच्यावर त्याच्याच देशबांधवांनी गहजब केला.

ब्रिटनचा दोष वेगळ्या जातीचा आहे आणि आपल्याला तो ओळखीचा वाटावा. ग्रे यांनी १९०६ पासून फ्रेंच लष्कराशी बोलणी चालू ठेवली होती आणि १९११ पर्यंत मंत्रिमंडळातल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. कागदावर वचन नाही, पण फ्रेंच आरमार भूमध्य समुद्रात आणि उत्तरेचा किनारा ब्रिटनच्या भरवशावर, अशी व्यवस्था १९१२ मध्ये झाली. ३ ऑगस्टला ग्रे पार्लमेंटात म्हणाले, आपले हात मोकळे आहेत; आणि त्याच भाषणात सभागृहाला पटवले, की हात मोकळे असले तरी इभ्रत अडकली आहे. बेल्जियमवर हल्ला झाल्याने उरलेसुरले मंत्रीही वळले. दोघांनी मात्र राजीनामा दिला. त्यांतले एक जॉन मोर्ले, आपल्याकडे शाळकरी पोरालाही 'मोर्ले-मिंटो सुधारणा' म्हणून माहीत असलेले. १९०८ मध्ये टिळकांना मंडालेला धाडले गेले तेव्हा हेच भारतमंत्री होते. टिळक सुटून पुण्यात पोचले ते जून १९१४ च्या मध्यावर, सारायेव्होच्या जेमतेम दोन आठवडे आधी. आणि ऑगस्टमध्ये असे घडले, की साम्राज्याच्या युद्धाला मोर्ले यांनी पाठ दाखवली आणि टिळकांनी सरकारला पाठिंबा जाहीर केला. टिळकांचा हिशेब पक्का होता, मदतीच्या बदल्यात हक्क. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत तोच हिशेब मांडायला ते उभे राहिले, गव्हर्नर विलिंग्डन यांनी मध्येच तोडले आणि टिळक सभा सोडून निघून गेले.

निदान टिळकांना बोलायला उठता तरी आले. ४ ऑगस्ट १९१४ च्या रात्री हिंदुस्थान युद्धात उतरला तेव्हा इथे कुणाला विचारले नव्हते. राजा युद्धात म्हणजे प्रजा युद्धात. आपल्याकडे तर करारही नव्हता, मोडायलासुद्धा. तेरा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली किंवा लढाईच्या कामाला जुंपली गेली, सत्तर हजारांहून अधिक मेली. १९१७ मध्ये दहा कोटी पौंडांची 'भेट' इथल्या तिजोरीतून गेली. सहाव्या 'पूना डिव्हिजन'बरोबर १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, गेल्या, बगदादच्या वाटेवर टेसिफोनपर्यंत लढत पोचल्या, आणि परत येताना कुतच्या वेढ्यात अडकल्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ वेढा चालला. घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिलला जनरल टाउनशेंड शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातल्या त्या चालीत आणि छावण्यांत त्यांतली हजारो मेली. टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला.

सातारा-रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत त्या माणसांच्या पाट्या आहेत. देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीत बसवलेला लहानसा दगड, वर सरकारी मजकूर : या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नावे बहुतेक ठिकाणी नाहीत, फक्त दोन आकडे. क्रियापद तिथेही तेच आपोआपचे आहे, 'गेले'. अलीकडे कुणीतरी ऑइलपेंटने अक्षरे पुन्हा काळी करतो, तेव्हा आकड्यांवर जरा जास्त रंग बसतो.